‘पोझी’ आणि प्लेगची दंतकथा

१/ आपल्या बालवाड्यांतही गायले जाणारे ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे गीत लंडनच्या १६६५ च्या प्लेगचे वर्णन करते आणि त्यातील ‘पोझी’ म्हणजे रोग टळावा म्हणून खिशात ठेवलेली फुले, ही कथा वारंवार सांगितली जाते. ती चटकदार आहे; इतिहास नाही.

२/ आधी शब्द पाहू. ‘पोझी’ हे ‘पोएझी’, म्हणजे काव्य, याचे आखूड रूप. अंगठीच्या आत कोरलेल्या प्रेमाच्या ओळीलाही इंग्लंडमध्ये पोझीच म्हणत. लहान पुष्पगुच्छ हा अर्थ सोळाव्या शतकात रूढ झाला.

३/ अशा गुच्छाचे दुसरे नाव ‘नोझगे’: नाकाला सुखावणारी शोभेची वस्तू. दूषित हवेने रोग पसरतो, या समजुतीमुळे गुच्छ संरक्षक मानला जाई. १७५० मध्ये ओल्ड बेली न्यायालयात तुरुंगातील तापाची साथ शिरली. लॉर्ड मेयर व न्यायाधीश दगावले. तेथील न्यायाधीश ठरावीक दिवशी आजही गुच्छ हाती धरतात.

४/ म्हणून गीत प्लेगचे ठरते का? नाही. सॅम्युअल पीप्सने १६६५ ची रोजनिशी तपशिलाने लिहिली. तीत हे गीत नाही. इंग्लंडमध्ये ते छापील रूपात दिसते १८८१ मध्ये, केट ग्रीनअवेच्या संग्रहात: २१६ वर्षांनी! अनेक जुन्या पाठांत शिंकही नाही. प्लेगचा अर्थ तर विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आला.

५/ रोगाच्या भीतीने लोक फुले जवळ बाळगत, याला पुरावा आहे. मुलांचे गाणे त्याविषयी आहे, याला नाही. हा फरक पुसून टाकणाऱ्याने स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवू नये.