एकटा शिपाई

*अमली पदार्थांच्या टोळ्या पोलिसांना मारतात, कारण पोलिसाला मारणे त्यांना महागात पडत नाही. ते महागात पडेल असे पाहणे हे राज्याचे काम आहे.*

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातील एल अग्वाहे या गावी १४ ऑक्टोबर २०१९ रोजी पोलिसांचा ताफा न्यायालयाचा हुकूम बजावायला निघाला होता. दबा धरून बसलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यातील १३ जणांना ठार केले, गाड्या पेटवल्या आणि ‘हालिस्को न्यू जनरेशन’ टोळीच्या नावाचे फलक मागे ठेवले. तीनच दिवसांनी सिनालोआची राजधानी कुलियाकान येथे सुरक्षा दलांनी सिनालोआ टोळीचा कुख्यात म्होरक्या ‘एल चापो’ गुझमान याचा मुलगा ओव्हिदियो याला पकडले. टोळीने रस्ते अडवले, वाहने जाळली, सैनिकांची कुटुंबे राहतात त्या वसाहतीवरही चाल केली. काही तासांत सरकारने त्याला सोडून दिले. नागरिकांचे प्राण वाचवण्यासाठी हा निर्णय घेतला, असे तत्कालीन अध्यक्ष लोपेझ ओब्रादोर म्हणाले. त्या कारणात तथ्य होते. पण त्या आठवड्यात मेक्सिकोतील शिपायांपुढे दोन प्रश्न उभे राहिले. आपण पकडलेल्या आरोपीला राज्य धरून ठेवेल का? आणि आपल्याला कोणी मारले, तर तो सापडेल का?

ओव्हिदियो २०२३ च्या जानेवारीत पुन्हा पकडला गेला, तेव्हा १० लष्करी जवानांचा बळी गेला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजूनही बहुतेकदा ‘नाही’ असेच आहे. ‘काउसा एन कोमून’ या तेथील नागरी संस्थेच्या नोंदींनुसार २०१८ ते २०२३ या काळात दरवर्षी चारशेहून अधिक पोलीस मारले गेले. म्हणजे दिवसाला किमान एक. यातले सगळे काही चकमकीत पडले नाहीत. अनेकांना काम संपल्यावर, साध्या कपड्यांत, घराच्या दारात गाठले गेले. ज्या देशात दहांतील नऊ गुन्ह्यांना शिक्षा होत नाही, तेथे मारेकऱ्याला भीती कशाची?

लॅटिन अमेरिकेत या दहशतीसाठी एक वाक्प्रचार आहे: ‘प्लाता ओ प्लोमो’, म्हणजे चांदी की शिसे. पैसे घे, नाहीतर गोळी खा. कोलंबियात पाब्लो एस्कोबारने मेदेयिनमधील पोलिसांच्या जिवावर इनाम लावले आणि शेकडो पोलीस मारले गेले. मेक्सिकोतील सिउदाद हुआरेझ शहरात २००९ मध्ये टोळीने धमकी दिली की पोलीसप्रमुखाने पद सोडले नाही, तर दर ४८ तासांना एक पोलीस मारू. धमकी पोकळ नव्हती. माणसे मारली गेली आणि प्रमुखाने राजीनामा दिला. त्याने आपल्या माणसांचे प्राण वाचवले, यासाठी त्याला दोष देता येणार नाही. दोष आहे तो त्याला या निवडीपुढे एकटे सोडणाऱ्या व्यवस्थेचा.

पोलीस केवळ बळी आहेत, असे म्हणणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल. सप्टेंबर २०१४ मध्ये इग्वाला येथे ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले, त्यात स्थानिक पोलिसांचा हात होता. पण या किडीचे मूळ वर शोधावे लागते. अध्यक्ष फेलिपे काल्देरॉन यांनी डिसेंबर २००६ मध्ये टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवले. त्या ‘युद्धा’चे सूत्रधार, सुरक्षामंत्री हेनारो गार्सिया लुना, सिनालोआ टोळीकडून लाच घेत होते, हे न्यूयॉर्कमधील न्यायालयात २०२३ मध्ये सिद्ध झाले. पुढे त्यांना ३८ वर्षांहून अधिक कैद झाली. शिपायाने जीव धोक्यात घालून खबर वर पाठवायची आणि ती टोळीच्याच कानी जायची, अशा खात्यात कोणाचा प्रामाणिकपणा किती काळ टिकेल?

यावर मेक्सिकोने पुन्हा पुन्हा वरून फौज पाठवण्याचाच उपाय केला. आधी लष्कर, मग २०१९ मध्ये नॅशनल गार्ड. पण फौज आज येते, उद्या जाते. वस्तीत नवे कोण आले, कोणाच्या गोदामात रात्री दिवा जळतो, हे ठाऊक असते ते स्थानिक शिपायालाच. नेमका तोच कमी पगारावर, साध्या गाडीत, अपुऱ्या शस्त्रांनिशी उभा आहे. राजधानीचे पोलीसप्रमुख ओमार गार्सिया हार्फुच यांच्यावर जून २०२० मध्ये हल्ला झाला. त्यांचे दोन अंगरक्षक आणि एक वाटसरू महिला ठार झाली, चिलखती गाडीमुळे ते स्वतः वाचले आणि आज देशाचे सुरक्षामंत्री आहेत. लहान गावच्या शिपायाला असे चिलखत कोण देणार? टोळ्यांच्या हाती असलेल्या बंदुका मोठ्या प्रमाणावर अमेरिकेतून येतात, मालाचे गिऱ्हाईकही तिथलेच. मेक्सिकोने बंदूक उत्पादकांवर भरलेला दावा मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळला.

म्हणून कामाचा क्रम उलटा हवा. झाडाझडती आधी वरच्यांची घ्यावी, मग खालच्यांची. पोलिसाच्या प्रत्येक खुनाचा तपास स्वतंत्र यंत्रणेने शेवटापर्यंत न्यावा. पगार, सुरक्षित घर आणि मृत्यूनंतर कुटुंबाचा सांभाळ हा शिपायाचा हक्क असावा.

हे आपल्यापासून दूरचे नाही. नोएडाजवळ ऑक्टोबर २०२४ मध्ये मेथॅम्फेटामिनचा कारखाना उघडकीस आला, तेव्हा अमली पदार्थ नियंत्रण विभागाने हालिस्कोच्या याच टोळीशी संबंध असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत मेफेड्रॉनचा साठा सापडला. त्याआधी २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून अशाच गुन्ह्यातला आरोपी पळाला आणि पोलीस निलंबित झाले. महाराष्ट्राचा मेक्सिको झालेला नाही. पण मेक्सिकोतही गोळीच्या आधी पाकीटच आले होते, आणि ते परत पाठवण्याची वेळ तेव्हाच होती.

एल अग्वाहेला निघालेल्या त्या १३ जणांकडे न्यायालयाचा हुकूम होता. त्या कागदामागे अख्खे राज्य उभे आहे, एवढ्या एका विश्वासावर शिपाई घराबाहेर पडतो. तो विश्वास खरा ठरवणे हेच त्यांचे ऋण फेडणे होय.