मायसेल्फला जरा बाजूला बसवा



आजचं सदर खास आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या आणि पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या मुलामुलींसाठी. मोठ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ही चूक आपल्या घरांत वयाकडे बघून होत नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी भाच्याला सोडायला देवास गेटच्या बस स्टँडवर गेले होते. त्याची इंदूरला मुलाखत होती. बस सुटायला वीस मिनिटं होती. समोर गरम पोह्यांवर शेव पडत होती, पण पठ्ठ्याचं लक्षच नव्हतं. फाईल छातीशी धरून तो पुटपुटत होता, "गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ अमुक तमुक, फ्रॉम उज्जैन..."

मी विचारलं, "मागच्या मुलाखतीतही असंच म्हणाला होतास?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "हो मावशी. पहिल्याच वाक्याला समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. कशाला हसले ते कळलं नाही. पण त्यानंतर मला येत असलेलंही आठवेना."

मुलगा हिशेबात पक्का आहे. वडिलांच्या दुकानाच्या वह्या तो बारावीपासून सांभाळतो. आणि अडला कशाला, तर एका शब्दाला! मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कारण घरात आम्ही एवढी मोठी माणसं असून हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "नवीन माणूस भेटला की मराठीत 'मी स्वतः अमुक' असं सांगतोस का?"

"नाही. 'मी अमुक' म्हणतो."

"मग इंग्रजीतही तेवढंच. आय ॲम अमुक."

शाळेत मराठीची 9 मूळ सर्वनामं पाठ केलेली आठवतात? मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यातली शेवटची दोन आत्मवाचक. इंग्रजीतले मायसेल्फ, योरसेल्फ, हिमसेल्फ हे त्यांचेच भाऊबंद. त्यांना एकटं येता येत नाही. काम करणारा 'आय' किंवा 'ही' वाक्यात आधी हवा, आणि त्याचं काम फिरून त्याच्यावरच यायला हवं, तेव्हा क्रियापदामागे सेल्फ येतो. किंवा मग जोर द्यायला, "मी स्वतः पाहिलं" म्हणतो तसा. म्हणून "लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ" हे बरोबर, कारण ओळख करून देणारा मी आणि ज्याची ओळख होतेय तोही मीच. त्याच्या पुढचं वाक्य मात्र "आय ॲम..." असंच सुरू व्हायला हवं.

आता गंमत बघा. आपण मराठी माणसं प्रत्येक सेल्फचं भाषांतर 'स्वतःला' असं करायला जातो आणि तिथेच फसतो. मराठीत हे काम बऱ्याचदा 'स्वतः' करतच नाही, ते क्रियापदाच्या शेपटीला लागलेलं 'घेणे' करतं. 'वाढ' म्हणजे दुसऱ्याच्या पानात वाढ, आणि 'वाढून घे' म्हणजे आपल्या आपण घे. इंग्रजीत 'वाढून घे'ला "हेल्प योरसेल्फ" म्हणतात. आमचे एक काका पहिल्यांदा परदेशी गेले, तेव्हा यजमानीणबाई टेबलाकडे हात करून "हेल्प योरसेल्फ" म्हणाल्या. काकांना वाटलं, आता आग्रह सुरू होईल. ते आग्रहाची वाट बघत बसले आणि अर्धपोटी झोपले!

तसंच "हात भाजून घेतला" म्हणजे "आय बर्न्ट मायसेल्फ". "दाढी करताना कापून घेतलं" म्हणजे "आय कट मायसेल्फ व्हाइल शेव्हिंग". आपली मुलं "आय हर्ट मायसेल्फ" म्हणायला बिचकतात, कारण मनातल्या मनात त्याचं "मी स्वतःला इजा केली" होतं आणि ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं. इंग्रजीत ते बहुतेक वेळा आपलं साधं "मला लागलं" असतं.

पण 'घे' दिसला की सेल्फ लावला, असंही करू नका. "आंघोळ करून घे", "दाढी करून घे", "कपडे घालून घे" या रोजच्या कामांना इंग्रजीत सेल्फ लागत नाही. नुसतं वॉश, शेव्ह, गेट ड्रेस्ड पुरतं. मोठा माणूस आपलं आपण आवरणारच, ते वेगळं कशाला सांगायचं? मात्र चार वर्षांचा नातू आपल्या हाताने शर्टाची बटणं लावायला लागला, की आजी कौतुकाने म्हणणार, "ही कॅन ड्रेस हिमसेल्फ नाऊ." क्रियापद तेच, पण आता सांगण्यासारखं काही आहे, म्हणून सेल्फ आला.

आणखी काही खाचखळगे असे :

एन्जॉय : मराठीत नुसती 'मजा आली' चालते. इंग्रजीत "आय एन्जॉइड" म्हणून थांबलात की वाक्य लोंबकळत राहतं. "आय एन्जॉइड द वेडिंग" म्हणा किंवा "आय एन्जॉइड मायसेल्फ" म्हणा.

फील : हिंदीच्या 'अपने आप को महसूस करता हूँ'वरून "आय फील मायसेल्फ लकी" असं तोंडात येतं. ते चूक. "आय फील लकी" म्हणा, किंवा 'स्वतःला भाग्यवान समजतो' या अर्थाने "आय कन्सिडर मायसेल्फ लकी". रिलॅक्स आणि कॉन्सन्ट्रेट यांनाही सेल्फ नको.

आदराचा 'तुम्ही' : आजोबांना आपण तुम्ही म्हणतो, पण आजोबा एकच असतात. त्यांना "हेल्प योरसेल्फ". सगळी पंगत बसली असेल तर "हेल्प योरसेल्व्ह्ज".

एकमेकांना : "दे ब्लेम्ड देमसेल्व्ह्ज" म्हणजे प्रत्येकाने स्वतःला दोष दिला. भांडण असेल आणि एकमेकांना दोष दिला असेल तर "दे ब्लेम्ड ईच अदर". एका शब्दाने घरातलं वातावरण बदलतं!

हे सगळं देवास गेटवर वीस मिनिटांत सांगून झालं नाही, हे उघड आहे. तिथे एवढंच सांगितलं : "मायसेल्फला बाजूला बसव, तू पुढे हो." भाच्याने विचारलं, "मावशी, मग आपली भाषा याबाबतीत मागे आहे का?" मी म्हटलं, अरे, उलट आहे. इंग्रजीतला सेल्फही पूर्वी जोर देण्यापुरता वेगळा शब्द होता, नुसत्या सर्वनामावर काम भागत असे. तो हळूहळू सर्वनामाला चिकटला. आपला 'आपण' मात्र संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृत 'अप्पण'च्या वाटेने आला आणि तीन कामं करतो. 'ज्याने त्याने आपण करावं' यात तो स्वतः असतो, 'आपण बसावं' यात समोरचा मोठा माणूस असतो, आणि 'चल, आपण जाऊ' यात तू आणि मी दोघं असतो. माळव्यातलं 'अपन चलते हैं' त्याच घराण्यातलं. 1810 पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या या गावात मराठी आणि हिंदी एका ओसरीवर वाढल्या. दोन्ही भाषा नीट ऐकणाऱ्या मुलाला तिसरी जड जायचं कारण नाही, तिची वळणं कुणीतरी वेळेवर दाखवायला हवीत इतकंच.

संध्याकाळच्या बसने तो परतला. मी स्टँडवर होतेच. विचारायच्या आधीच म्हणाला, "त्यांनी 'टेल अस अबाउट योरसेल्फ' म्हटलं. मी 'आय ॲम' म्हणून सुरुवात केली. कुणी हसलं नाही. मग दुकानाच्या वह्यांचं सांगितलं, तर त्यांनी त्यावरच दहा मिनिटं विचारलं. निकाल पुढच्या आठवड्यात." आणि सकाळचे पोहे राहिले होते, ते आठवून म्हणाला, "मावशी, आपण कचोरी खाऊ."

हे लिहीपर्यंत निकाल आलेला नाही. आला की कळवेनच.

तोवर तुम्हाला गृहपाठ. या तीन वाक्यांचं इंग्रजी करा आणि कुठे सेल्फ लागतो, कुठे नाही ते घरच्यांना पटवून द्या : "ताई आपली आपण पेटी वाजवायला शिकली." "लवकर आवरून घे." "लग्नात खूप मजा आली." उत्तरं पुढच्या अंकात. आणि आजीला विचारायला विसरू नका, तिच्या मराठीत आणखी किती 'घे' आहेत ते!