सांताचा ड्रेस आणि एक टन ऊस

मागच्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाईजान, शाळेच्या ग्रुपवर मेसेज आलाय. २४ तारखेला सगळ्या लेकरांनी सांताक्लॉजच्या ड्रेसमध्ये यायचं. काय करू?" भाचा सिनियर केजीत. बहनोई ऊसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, हंगाम सुरू झाला की चार-पाच महिने कारखान्याच्या गट्टीवर. घरात बहीण, सासू आणि दोन लेकरं.

मला वाटलं, ती विचारतेय की हे जायज आहे का. तिचा प्रश्न तो नव्हताच. तिनं वडवणीच्या बाजारात चौकशी करून ठेवली होती. टोपी, दाढी, लाल कोट, पांढरी पट्टी, सगळं मिळून साडेतीनशे रुपये. आणि त्याच आठवड्यात बचत गटाचा हप्ता होता. "ड्रेस नाही घेतला तर लेकरू एकटंच युनिफॉर्ममध्ये उभं राहील," एवढंच ती म्हणाली.

साडेतीनशे रुपये म्हणजे फार नाहीत, असं कुणाला वाटेल. आपल्या भागातला हिशेब वेगळा आहे. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला ३६६ रुपयांवर गेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. दोघांनी थंडीत पहाटे उठून एक टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, तेव्हा ते ३६६ रुपये होतात. तेही हातात पडत नाहीत, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून वळते होतात. म्हणजे एका लेकरानं दोन तास घालायचा तो लाल ड्रेस एक टन ऊसाचा. यावर थोडं थांबून बोललं पाहिजे.

दरवर्षी डिसेंबर आला की आपल्या मोबाइलवर नाताळाविषयी मेसेज फिरायला लागतात. बहुतेकांचा सूर एकच, की हा सण मुळात सूर्यपूजकांचा, पोपने उचलला आणि ख्रिस्ती केला, म्हणून तो खोटा. यात काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्धवट. टीका करायची असेल तर आधी माहिती पक्की हवी, नाहीतर समोरचा माणूस एक चूक दाखवतो आणि आपलं बाकीचं खरं म्हणणंही वाया जातं.

खरं काय आहे? बायबलमध्ये हजरत ईसा (अ.) यांच्या जन्माची तारीख कुठेही नाही. महिनाही नाही. पहिल्या दोन-तीन शतकांत ख्रिस्ती लोक हा दिवस पाळत होते याचा पुरावा मिळत नाही. २५ डिसेंबरचा सगळ्यात जुना स्पष्ट उल्लेख इ. स. ३५४ मध्ये रोममध्ये तयार झालेल्या एका दिनदर्शिकेत आहे, आणि तो बहुधा ३३६ च्या सुमाराच्या यादीवरून आलेला आहे. गंमत अशी की त्याच ग्रंथात २५ डिसेंबरला 'अजिंक्य सूर्या'च्या उत्सवाचीही नोंद आहे. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये या सूर्यदेवाचं मोठं मंदिर उभं केलं होतं. त्यामुळे अनेक अभ्यासक म्हणतात की चर्चने लोकांच्या जुन्या सणावर नवा सण बसवला. दुसरे अभ्यासक म्हणतात, तसं नाही. त्या काळच्या ख्रिस्ती लोकांत २५ मार्च ही गर्भधारणेची तारीख मानण्याची पद्धत होती, त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे, की ही तारीख माणसांनी ठरवली. म्हणूनच आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला हा दिवस पाळतं आणि रशियन चर्च जुन्या कॅलेंडरप्रमाणे ७ जानेवारीला.

आपल्यातले काही जण सूरह मरियमचा दाखला देतात. हजरत मरियम (अ.) यांना प्रसूतीच्या वेळी खजुराच्या झाडाखाली आधार मिळाला आणि ताजी पिकलेली फळं पडली, म्हणजे हंगाम उन्हाळ्याचा असणार. हे ऐकायला पटतं. पण ज्या प्रसंगात बापाविना जन्म आणि पाळण्यातलं बोलणं आहे, तिथे फळांच्या हंगामावरून तारीख काढत बसणं मला तरी बरोबर वाटत नाही. कुरआन तारीख देत नाही, कारण तारीख हा तिथला मुद्दाच नाही. मुद्दा आहे एकट्या पडलेल्या, लोकांच्या बोलांना घाबरलेल्या एका आईचा. लूकच्या शुभवर्तमानातही चित्र गरिबीचंच आहे. सरायीत जागा नाही, बाळाला गव्हाणीत ठेवलेलं. दोन्हीकडच्या वर्णनात झगमगाटाला जागा नाही. मग तो आला कुठून?

हा प्रश्न सगळ्यात आधी ख्रिस्ती लोकांनीच विचारला, हे आपल्याला फारसं माहीत नसतं. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ साजरा करण्यावर बंदी घातली होती. घालणारे कट्टर धार्मिक प्युरिटन लोक होते. त्यांचं म्हणणं, याला बायबलमध्ये आधार नाही आणि नावाखाली दारू, जुगार, दंगा चालतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड होता. आजचा घरगुती नाताळ, म्हणजे झाड, कार्डं, लेकरांना भेटवस्तू, हा बराचसा एकोणिसाव्या शतकातला. पहिलं छापील नाताळ कार्ड १८४३ चं. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि घरोघर झाडं आली.

आणि सांता. हा मूळचा आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा, चौथ्या शतकातला बिशप निकोलस. त्याची जी कथा सांगतात ती आपल्या बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही बापाला समजेल. एका गरीब माणसाला तीन मुली, लग्नाला द्यायला काही नाही, पोरींची अब्रू धोक्यात. निकोलसने रात्रीच्या अंधारात गुपचूप त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, कुणाला कळू न देता. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपल्या हदीसमध्येही आहे आणि इंजीलमध्येही. त्या माणसाचा आजचा सांता कसा झाला? व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतात की कोकाकोलाने त्याला लाल कपडे घातले. तेही पूर्ण खरं नाही. थॉमस नास्ट नावाच्या अमेरिकन व्यंगचित्रकाराने एकोणिसाव्या शतकातच गुबगुबीत, दाढीवाला सांता काढला होता, लाल कोटातही. कोकाकोलाने १९३१ पासून हॅडन संडब्लॉमकडून जाहिराती काढून घेतल्या आणि तो चेहरा जगभर पक्का केला. हिवाळ्यात थंड पेय खपत नाही, म्हणून. अंधारात लपून हुंड्याचं ओझं उतरवणारा माणूस दुकानाच्या काचेत उभा राहिला.

व्यापाराची ताकद किती असते याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेत नाताळाची खरेदी 'थँक्सगिव्हिंग'च्या सुट्टीनंतर सुरू व्हायची, आणि ही सुट्टी नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असायची. १९३९ साली तो गुरुवार ३० तारखेला आला. दुकानदार म्हणाले, खरेदीचे दिवस कमी पडतात. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुट्टीच एक आठवडा अलीकडे घेतली. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही, त्या वर्षी देशात दोन वेगवेगळ्या दिवशी थँक्सगिव्हिंग झालं. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार ठरवावा लागला. आपण चाँदवरून भांडतो तेव्हा लोक हसतात. इथे तर दुकानाच्या गल्ल्यासाठी सण हलला. आणि २०२५ मध्ये तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा अंदाज होता की नोव्हेंबर-डिसेंबरची विक्री पहिल्यांदाच १ लाख कोटी डॉलरच्या पुढे जाईल.

आता आपल्याकडे या. मराठी ख्रिस्ती माणसाचा नाताळ असा नव्हता, आणि खेड्यापाड्यांत आजही नाही. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. शेजारच्या अहिल्यानगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. तिकडच्या गावांतले बहुसंख्य ख्रिस्ती दलित घरांतून आलेले, कष्टकरी. त्यांच्या घरात नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे येशूची गाणी अभंग-भजनाच्या चालीत लिहिली. ती माणसं टाळ-तबल्यावर गातात. त्यांचा आणि मॉलमधल्या कापसाच्या बर्फाचा काही संबंध नाही. वडवणीत बर्फ कुणी पाहिलाय?

मग गावातल्या इंग्रजी शाळेत सांता कोण आणतो? त्या शाळेत मला वाटतं एकही ख्रिस्ती लेकरू नाही. शिक्षकही नाहीत. सांता येतो तो 'इंटरनॅशनल' दिसण्यासाठी. फोटो निघतात, फोटो शाळेच्या पेजवर जातात, जूनमधल्या ॲडमिशनला ते फोटो कामी येतात. खर्च मात्र आई-बापाचा. ईसा (अ.) कोण होते, त्यांनी काय शिकवलं, याचा त्या दिवशी एक शब्द निघत नाही. आपल्यासाठी ते अल्लाहचे प्रेषित. ख्रिस्ती बांधवांचा विश्वास वेगळा आहे, तो फरक आपण लपवू नये. पण दोघांच्याही श्रद्धेतला माणूस त्या कार्यक्रमात नसतो.

इथे एक सांभाळून सांगायची गोष्ट आहे. सांताला विरोध करणारे आपण एकटे नाही. २०२१ च्या नाताळाला आग्र्यात सांताचे पुतळे जाळले गेले, त्याच दिवसांत अंबाल्याच्या चर्चमधली येशूंची मूर्ती फोडली गेली. त्यांचा विरोध बाजाराला नव्हता, ख्रिस्ती माणसाला होता. आपली टीका त्या रांगेत जाऊन उभी राहिली तर आपण काय मिळवलं? मक्केत छळ झाला तेव्हा मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, आणि त्याच्या दरबारात हजरत जाफर (र.) यांनी सूरह मरियमच वाचून दाखवली होती. सण त्यांच्यासारखा साजरा करायचा नाही, ही आपली श्रद्धा. पण त्यांच्या चर्चवर दगड पडला तर आपण गप्प बसायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आणि आपल्या घरातही जरा डोकावू. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, जेव्हा इबादत वाढायला हवी, तेव्हा आपल्या बायाबापड्या कुठे असतात? बीडच्या बाजारात, रात्री बारापर्यंत. लेकरांना तीन-तीन जोड. मोबाइल कंपन्यांनी 'ईद ऑफर' काढली, शून्य टक्के व्याजाचे हप्ते आले, आपण ते घेतले. हप्ता चुकला की दंड लागतो आणि मग विचारतो, हे सूद आहे का. शादीत तर विचारूच नका, जहेजचं फर्निचर टेम्पोतून गावभर फिरतं. निकोलस ज्या बापाच्या घरात थैली टाकून गेला, तो बाप आपल्या मोहल्ल्यातही आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना शैतानाचे भाऊ म्हटलंय, त्यात ख्रिस्ती उधळे आणि मुसलमान उधळे असा भेद केलेला नाही. ईदची तर सुरुवातच देण्याने होते. नमाजला जाण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाचा, अगदी तान्ह्या लेकराचाही फित्रा निघाला पाहिजे, म्हणजे गरिबाच्या घरीही चूल पेटेल. हे आपण पाळतो, पण घाईघाईत, खरेदी उरकल्यावर.

एक तारीख मात्र शाळांनी शिकवावी असं मला फार वाटतं. २५ डिसेंबर १९२७. महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. महाराष्ट्रातल्या लेकराला २५ डिसेंबरला सांगण्यासारखं आपल्या मातीत एवढं पडलेलं असताना आपण कापसाची दाढी चिकटवतो.

बहिणीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिनं ड्रेस घेतला नाही. ग्रुपमधल्या आणखी चार आयांना फोन केले. त्यात दोघी बंजारा तांड्यावरच्या, नवरे ऊसतोडीला गेलेले, लेकरं आजीजवळ. त्यांनाही ड्रेस परवडत नव्हता, फक्त आधी कुणी बोललं नव्हतं. पाचही जणी मिळून शाळेत गेल्या. भांडण नाही, मजहबचा विषय नाही. "मॅडम, हा खर्च झेपत नाही, ऐच्छिक करा," एवढंच. मॅडमही समजूतदार निघाल्या, म्हणाल्या, "मला वाटलं सगळ्यांना हौस आहे." २४ तारखेला वर्गात अकरा लेकरं सांता होती आणि बाकी युनिफॉर्ममध्ये. भाचा घरी आला तो चॉकलेट घेऊन. त्यानं आजीला विचारलं, "दादी, ईसा नबी को भी सांता चॉकलेट देता था क्या?" त्या रात्री तिनं त्याला पाळण्यातल्या बाळाने आईची बाजू कशी घेतली ती हकीकत सांगितली. अर्धी ऐकून तो झोपला, उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी मागून घेतली.

यंदाचा मेसेज अजून आलेला नाही. बहीण म्हणते, या वेळी पालक सभेतच विषय काढणार.