तलवार आणि म्यान

संगणकावरचे खेळ मुलांना बिघडवतात, असे पुष्कळ लोक म्हणतात. मला हे पूर्णपणे पटत नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा तलवारबाजीचा खेळ पाहा. जॉर्डन मेकनर यांचा हा खेळ १९८९ साली निघाला. पर्शिया म्हणजे आजचा इराण. दुष्ट वजीर जाफर तिथल्या शहजादीला कोंडतो. ६० मिनिटांत तिला सोडवायचे असते.

या खेळातल्या हालचाली अगदी खऱ्या वाटतात. मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला व उड्या मारायला लावले. त्याचे चित्रण पाहून त्यांनी चित्रे काढली. तलवारबाजी त्यांनी १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटावरून घेतली.

खेळात दोषही आहेत. एक उडी चुकली, की तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागतो. गेलेली मिनिटे मात्र परत मिळत नाहीत. मग खेळणारा चिडतो. शिवाय, पहारेकऱ्यांना मारल्याशिवाय बहुतेक वेळा वाट मोकळी होत नाही.

तरीही एक प्रसंग मला फार आवडतो. आरशातून निघालेली आपलीच सावली शेवटी तलवार घेऊन समोर येते. तिच्यावर वार केला, तर जखम आपल्यालाच होते. तलवार म्यान केली, की ती आपल्यात मिसळून जाते.

तलवार कशी चालवावी, हे पुष्कळ खेळ शिकवतात. ती केव्हा म्यान करावी, हेही या खेळात कळते. म्हणून तो जरूर खेळावा; पण तास संपला की उठावे!