जे फॉर जालना

रात्री अडीचला मोबाईल वाजला की दोनच शक्यता. एक तर एडिटरची डेडलाइन, नाहीतर आयोवातली मावसबहीण. त्या दिवशी बहीण होती. तिच्याकडे दुपारचे चार वाजलेले.

‘‘ताई, जेचा एफ करता येतो का गं?’’

मी पत्रकार, म्हणजे मला सगळं माहीत, हा आमच्या खानदानाचा लाडका गैरसमज. तर झालं असं, की बाईसाहेब अंबड तालुक्यातल्या, मोसंबीच्या बागेत वाढलेल्या. जालना म्हणजे बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथेच महिको सुरू केली आणि १९९८मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्यामुळे अॅग्रीची डिग्री घेऊन ही पोरगी बियाण्यांच्या लॅबमध्ये ट्रेनी म्हणून अमेरिकेला गेली, यात नवल नाही. व्हिसा जे-१, म्हणजे एक्स्चेंज व्हिजिटरचा. आता एमएसला अॅडमिशन मिळाली, तर हवा एफ-१, म्हणजे स्टुडंटचा.

‘‘दोन वर्षांचं काय?’’ मी आधी तेच विचारलं. जे-१वर गेलेल्या अनेकांना परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहायचं बंधन असतं. ते असेल, तर तिथे बसून जेचा एफ करून मिळत नाही. सरकारी पैशावर गेलेल्यांना ते आजही लागू आहे. पण ज्या देशवार स्किल्स लिस्टमुळे आपली बरीच मंडळी त्यात अडकायची, तिच्यातून भारत डिसेंबर २०२४मध्ये बाहेर पडला. हिच्या ट्रेनिंगला सरकारी पैसा नव्हता. सुटली!

आता रस्ते दोन. पहिला, मुदत संपायच्या आत तिथूनच आय-५३९ फॉर्म भरायचा आणि निकालाची वाट बघायची. तोवर देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. शिवाय मिळतं ते फक्त स्टेटस. पासपोर्टवर नवा व्हिसा लागत नाही, म्हणजे पुढे कधी घरी आलात की इंटरव्ह्यू आहेच. दुसरा रस्ता, कॉलेजकडून आय-२० घ्यायचा, सेविसचे ३५० डॉलर नव्याने भरायचे आणि मुंबईत येऊन इंटरव्ह्यू द्यायचा. नाही म्हणाले तर एमएस गेलं.

‘‘तिथेच थांब,’’ मी डोळे मिटूनच सल्ला दिला. ‘‘आत आहेस ना, बाहेर कशाला पडतेस?’’

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘ताई, आजी पडलीये. खुबा मोडलाय. तुला माहितेय ना?’’

माहीत होतं. फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचलं होतं. हात जोडलेला इमोजीही टाकला होता.

ती आली. अंबडला आठ दिवस आजीच्या उशाशी बसली. मग देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला माझ्याकडे. आदल्या रात्री मी ऑफिसर बनून तिची प्रॅक्टिस घेतली. स्टुडंट व्हिसात घोडं अडतं ते एकाच गोष्टीवर : शिक्षण झालं की तुम्ही परत जाणार, हे त्यांना पटायला हवं. ‘‘परत कशावरून येशील?’’ मी आवाज चढवून विचारलं.

ती हसायला लागली. ‘‘आजीनेपण हेच विचारलं. परत येशील नं माय?’’

‘‘मग तू काय म्हणालीस?’’

‘‘म्हटलं, आत्ता आले ना!’’

दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमधून तिचा फोन आला. पासपोर्ट ठेवून घेतला होता, म्हणजे काम फत्ते. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत एकटीच नाचले.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मुंबई ते जालना एका रात्रीचा प्रवास. ना फॉर्म, ना फी, ना इंटरव्ह्यू. तरी मी आजीला शेवटचं भेटले त्याला दीड वर्ष झालं होतं.

शुक्रवारच्या देवगिरीचं तिकीट काढलंय. वेटिंग लिस्ट, चौदा. पण जाणार, हे नक्की.