नाव इंग्रजी झालं आणि जाणकार बाई अडाणी ठरली!

"रनिंग स्टिच येते का?" असं विचारलं की आपल्याकडची बाई मान खाली घालते. "नाही येत." झालं! जिने आयुष्यभर गोधड्या शिवल्या, ती एका प्रश्नात शिकाऊ ठरते.

अहो, गोधडी म्हणजे दुसरं काय? जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे आणि धावदोरा घालत जायचं. तीच तुमची रनिंग स्टिच. दोरा धावतो म्हणून धावदोरा. नावातच काम सांगितलंय.

वाळूज, बजाजनगर, रांजणगाव, कुठल्याही शिवणक्लासची वही उघडून बघा. बॅक स्टिच, चेन स्टिच, हेमिंग. मग उलटी टीप, साखळी टाका, हातशिलाई कुठे गेली?

आता कोणी म्हणेल, "आले भाषाशुद्धीवाले!" नाही हो. शिवणकामाची भाषा कधीच सोवळी नव्हती. 'काज' पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे 'कासा' म्हणजे घर, म्हणजे काज हे बटणाचं घर! फीतसुद्धा त्यांचीच. अस्तर, जरी, रफू हे शब्द फारसीतून आले. कशिदाही तिथलाच, त्याचा मूळ अर्थ 'ओढलेला'. सुई मात्र संस्कृत 'सूची'वरून आली. हे सगळे शब्द एकाच शिंप्याच्या दुकानात गुण्यागोविंदाने नांदले. त्यांनी कुणाचं कसब खोटं पाडलं नाही.

म्हणून माझं भांडण इंग्रजी शब्दाशी नाहीच. भांडण आहे ते त्या शब्दाचा उंबरठा करण्याशी. सुई तीच, टाका तोच, फक्त नाव बदललं आणि हातातली कला कागदावर शून्य झाली. मग मजुरीही शिकाऊचीच लागते. हा भाषेचा नाही, पोटाचा प्रश्न आहे.

"इंग्रजी नावं आली नाहीत तर कंपनीत काम कसं मिळणार?" हाही प्रश्न बरोबर आहे. मग शिकवा ना! पण फळ्यावर दोन्ही नावं लिहा: धावदोरा म्हणजे रनिंग स्टिच, उलटी टीप म्हणजे बॅक स्टिच. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि कामावर घेणाऱ्यांनो, तोंडी परीक्षा कसली घेता? हातात सुई आणि कापड द्या, मग बघा.

तुमच्या घरात आई-आजी टाक्यांना काय म्हणतात, खाली कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि आपल्या भागातल्या प्रत्येक क्लासला नेऊन देऊ.