मुलांना लिहायला शिकवतो कोण?

गेल्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आपल्या मंडळाने प्राथमिक शाळांतील मुलांसाठी निबंध स्पर्धा घेतली. विषय सोपा ठेवला होता, 'माझे गाव'. तपासायला बसलो आणि थक्क झालो. ज्या गावात नदी नाही, विहिरी आहेत आणि एक तलाव आहे, तिथल्या अकरा मुलांच्या निबंधात गावाजवळून नदी खळखळ वाहत होती. बाजारात मिळणाऱ्या निबंधाच्या पुस्तकातली ती नदी. अक्षर सुरेख, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका नावापुरत्या. पण त्यात ना गाव होते ना मूल. आणि खरे सांगायचे तर पहिला क्रमांक आम्ही त्यातल्याच एका नदीला दिला.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या शाळांत लेखन म्हणजे शुद्धलेखन आणि शुद्धलेखन म्हणजे पुस्तकातला उतारा वहीत उतरवून काढणे. चौथीपर्यंत रोज एक पान. मग एके दिवशी फळ्यावर निबंधाचा विषय पडतो आणि गुरुजी म्हणतात, 'उद्या लिहून आणा.' अक्षर गिरवणे एकीकडे आणि मनातले कागदावर मांडणे दुसरीकडे. यांच्या मधले कोणी शिकवलेलेच नसते. पोहायला न शिकवता मुलाला विहिरीत ढकलल्यासारखे हे आहे. ज्याच्या घरी सांगणारे कोणी आहे तो तरतो, बाकीचे पुस्तकातली नदी धरतात.

शाळांचे मोजमापही याला कारण आहे. 2005 पासून 'असर'चे सर्वेक्षण गावोगावी होते, त्यात मुख्यत: वाचन आणि गणित तपासतात. त्यामुळे गाजावाजा होतो तो वाचनाचा आणि भागाकाराचा. मुलाला चार ओळी स्वत:च्या लिहिता येतात की नाही, हे कुणी विचारत नाही.

लेखन शिकवता येते. त्यासाठी प्रतिभा लागत नाही, वेळ लागतो. आपल्या पश्चिम भागातल्या मुलाने रताळी काढताना पाहिलेली असतात. बाईंनी आधी त्याला ते तोंडी सांगू द्यावे. मग स्वत: फळ्यापाशी उभे राहून, मुलांच्या देखत, मोठ्याने विचार करत लिहावे: आधी काय झाले? वेल कापले. मग? नांगर घातला. 'आम्ही रताळी काढली' एवढ्याने वाचणाऱ्याला चित्र दिसते का? मग ओळ खोडून पुन्हा लिहावी. मोठ्या माणसालाही खोडावे लागते, हे मुलाने पाहिलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने मिळून एक परिच्छेद, तिसऱ्या दिवशी जोडीने, मग एकट्याने. दोन तुटक वाक्ये 'म्हणून' किंवा 'तरी' घालून जोडायची कशी, हाही स्वतंत्र धडा आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2012 मध्ये शिक्षकांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत पहिलीपासून रोज एक तास लेखनाला द्यावा, त्यातला निम्मा शिकवण्याला, असे म्हटले आहे. आपल्याकडे एक तास निघणार नाही, हे आम्हाला कळते. वीस मिनिटे तरी काढा. आणि फार लांब जायला नको. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या स्वत:च्या अनुभवाला लेखनात मान दिला. बेळगावहून कोल्हापूर किती दूर आहे?

आपल्या मुलांची अडचण आणखी एक आहे. ती लहान वयातच देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या हाताळतात आणि घरी बेळगावची बोली बोलतात. मुलगी 'मी येतो' म्हणते, तेच वहीत उतरते आणि त्यावर लाल रेघ पडते. पुढच्या वेळी ती लिहितच नाही. आमचे मत असे की पहिल्या कच्च्या लिखाणात बोलीला हात लावू नये. आधी म्हणणे पुरे होऊ द्यावे, मग 'पुस्तकात हे असे लिहितात' म्हणून दाखवावे. शुद्धलेखनाचे नियम हवेतच, पण ते शेवटच्या हातासाठी.

हा विषय राजकीय पत्रिकेत कशाला, असे कोणी विचारील. सीमाभागातल्या माणसाने 1956 पासून दुसरे केले काय? निवेदने लिहिली, हरकती लिहिल्या, पत्रे लिहिली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350अ आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय सांगितली गेली. जिथे अल्पसंख्याक 15 टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हीही मान्य तरतूद आहे. आपण मराठीत परिपत्रके मागतो, ते योग्यच आहे. पण परवा मंडळाच्या कचेरीत दहावी पास झालेला एक मुलगा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायला आला. कोरा कागद पुढे ठेवल्यावर म्हणाला, 'नमुना हाय काय?' हुशार मुलगा, मराठी शाळेतला. स्वत:ची अडचण सांगताना मात्र अडत नव्हता. आम्ही त्याच्याकडून ती तोंडी वदवून घेतली आणि तेच लिहायला सांगितले. अर्ज झाला, चांगला झाला. हे काम दहावीनंतर कचेरीत नव्हे, दुसरी-तिसरीत वर्गात व्हायला हवे होते.

शाळा सुधारणा समित्यांवर आपली माणसे आहेत. इमारत, पाणी, शिक्षकांच्या रिकाम्या जागा हे विषय सोडू नयेत. पण पुढच्या बैठकीत तिसरीच्या चार वह्या मागवून पाहाव्यात आणि त्यात मुलाने स्वत: रचलेली वाक्ये किती, ते मोजावे. शिक्षकांवर डोळे वटारायचे नाहीत. त्यांनाही हे कधी कोणी शिकवलेले नाही. आपल्यातल्या निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी आठवड्यातून एक सकाळ दिली तर मंडळ शाळांशी बोलून घेईल.

निबंध स्पर्धा पुढच्या वर्षीही होईल. नियम बदलला आहे: पक्क्या लिखाणाबरोबर कच्चा कागदही जोडायचा. खाडाखोडीला गुण आहेत.